मागे बसणाऱ्यानं बोलत राहायचं

पडायला तिनं चांगला वेळ घेतला. माणूस जिन्यावरून पडतो तो कळायच्या आत खाली असतो. पण सिग्नलला उभी असलेली तीनशे किलोंची मोटरसायकल, एखादी जाडजूड आत्या आधी हात, मग गुडघा, मग कंबर असं करत जमिनीवर बसावी, तशी बसली. आणि बसता बसता आपल्याकडे पाहून ‘तू धरणार होतास ना?’ असं म्हणाली, असं कवळीवाल्याला वाटलं. त्यानं धरली होतीही. डावा पाय टेकलेला, दोन्ही मुठी हँडलवर, दात दातांवर. चूक एवढीच झाली की हँडल डावीकडे वळलेलं असताना त्यानं पुढचा ब्रेक दाबला, आणि तसं केलं की असल्या अवजड गाड्या वळलेल्या अंगाला कलतात. थोडी कलली तोवर ती त्याची होती. मग एक क्षण ती कुणाचीच नव्हती. त्यानंतर ती जमिनीची झाली, आणि साठीला दोन वर्षं कमी असलेला हा गृहस्थ एका पायावर उड्या मारत बाजूला झाला. सकाळचे दहा वाजले होते. इंजिन आपणहून गप्प झालं, पेट्रोलचा वास आला, मागे हॉर्न वाजायला लागले. त्यानं वाकून हँडल धरलं आणि जोर लावला. ज्या हातांनी पस्तीस वर्षांत प्लास्टरच्या जबड्याहून जड काही उचललेलं नाही, त्या हातांना ती जुमानेना, होती तिथेच राहिली. तेव्हा शेजारच्या स्कूटरवरून एक मुलगी उतरली, त्याच्या लेकीच्या वयाची म्हणायची, आणि म्हणाली, “काका, हातानं नाही उचलत ही. पाठ लावा.” तिनं त्याला गाडीकडे पाठ करून सीटला टेकवलं, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला धरायला लावला, आणि म्हणाली की आता नुसतं मागे चालत जा. तो मागे मागे चालला आणि गाडी त्याच्या पाठीवरून उठून उभी राहिली. लागलं का कुठे, असं मुलीनं विचारलं. आणि त्याच्या तोंडून, त्यानं न बोलावता, न विचार करता, सव्वीस वर्षांपूर्वीचं वाक्य जसंच्या तसं बाहेर पडलं: “कुत्रं आडवं आलं.”

मुलीनं समोर पाहिलं. समोर पांढरे पट्टे होते, त्यापुढे एक बस उभी होती. कुत्रं सोडा, चिमणीलाही जागा नव्हती. “होतं असं,” ती म्हणाली, आणि ते इतक्या सभ्यपणे म्हणाली की पडण्यानं बसला नव्हता तो हादरा त्याला तिथे बसला. सिग्नल हिरवा झाला. गाडी सुरू करून तो निघाला तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती, की हे जनावर अजून जिवंत आहे.

थापा मारण्यात त्याचं नाव होतं. दातांच्या डॉक्टरांना लागणाऱ्या कवळ्या तो बनवत असे. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एका खोलीत प्लास्टरची पोती, पाण्याचं पिंप आणि पॉलिशचं चाक, दुसरीत खिडकीशी टेबल, मेणाचा दिवा, आणि फळीवर ओळीनं मांडलेले बिनमाणसांचे जबडे. निम्म्या शहरातली म्हातारी माणसं त्याच्या हातानं चावत होती आणि त्यातल्या एकानंही त्याला पाहिलेलं नव्हतं. या धंद्यात एक गोष्ट तो पहिल्या वर्षातच शिकला. दात अगदी सरळ, सारखे, ओळीत बसवले की बघणारा लांबूनच ओळखतो, कवळी आहे. म्हणून वरच्या ओळीतला डावीकडचा दुसरा दात तो नेहमी जरासा तिरका बसवी. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीत लिहिलेलं नसे. पण तो एक दात तिरका झाला की उरलेले सगळे खरे वाटायला लागत. गोष्टी सांगतानाही त्याचा हात आपोआप तसाच चाले. डॉक्टर मंडळी माप घेऊन आली की चहा होई, आणि चहाबरोबर त्याच्या तरुणपणच्या मोटरसायकलीच्या गोष्टी. एकदा ब्रेक नसताना घाट उतरलो. एकदा पेट्रोल संपल्यावर वाऱ्याच्या जोरावर, शर्टाचं शीड करून, चार मैल गाडी नेली. मग मध्येच तो म्हणे, “म्हणजे चार नसतील, पावणेचार,” आणि ते ‘पावणे’ ऐकलं की समोरचा माणूस मान डोलवी.

त्या मान डोलवणाऱ्यांपैकी एका डॉक्टरनं पन्नाशी उलटल्यावर ही गाडी घेतली होती. लांबलचक, बुटकी, पाय पुढे सोडून खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, टाकी एवढी रुंद की मांड्यांमध्ये मावत नाही, आणि इंजिनाचे दोन ठोके पडताना मध्ये असा थांबा की आता बंद पडतेय असं वाटावं. डॉक्टरनं ती वर्षभरात सातदा चालवली. मग त्याचं परदेशातल्या मुलाकडे सहा महिने जायचं ठरलं, आणि तो किल्ली घेऊन दोन खोल्यांत आला. पडून राहिली की बॅटरी बसते, म्हणाला, टायरला खड्डे पडतात. आठवड्यातून दोनदा फिरवायला हवी आणि ती काही कुणाच्याही हातात देता येत नाही. “तुमच्यासारखा उस्ताद घरचा असताना मी दुसऱ्या कुणाला विचारू?” कवळीवाल्यानं नाही म्हणायला तोंड उघडलं. पण समोर पंधरा वर्षं मान डोलवलेला माणूस बसला होता. शर्टाचं शीड करणारा माणूस नाही कसा म्हणणार? त्यानं किल्ली घेतली. सव्वीस वर्षांत आपण एकाही दुचाकीवर बसलेलो नाही, हे त्यानं सांगितलं नाही. का बसलो नाही, हे तर त्यानं कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

तेव्हाची गाडी हलकी होती, एका हातानं स्टँडवर चढणारी. त्याची बायको टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. आठ तास कानाला पट्टा लावून बोलायचं, ‘एक मिनिट हं, जोडते.’ तो तेव्हा दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता आणि उरलेल्या वेळात घरी स्वतःच्या गिऱ्हाइकांच्या कवळ्या करत होता, कारण स्वतःचं काहीतरी सुरू करायचं होतं. झोप ही त्या वर्षांत त्यांच्या घरात न येणारी पाहुणी होती. म्हणून लांबच्या रस्त्यासाठी दोघांनी एक नियम केला होता. पुढच्यानं चालवायचं, मागे बसणाऱ्यानं बोलत राहायचं. मागचा आवाज थांबला की समजायचं काहीतरी चुकलं. तिला बोलण्याची सवयच होती. गावातून जाताना ती दुकानांच्या पाट्या वाचून दाखवी, सगळ्या, फोन नंबरासकट. पाट्या संपल्या की नातेवाइकांची यादी घेई, कोण कुणाशी बोलत नाही आणि का. नातेवाईक संपले की पाढे. एकोणतीसच्या पाढ्यात ती हटकून चुके आणि तो पुढून दुरुस्त करी, आणि त्या दुरुस्तीतच मैल जात. त्या दिवशी तिच्या मोठ्या बहिणीकडे निघाले होते. ती पहाटेची पाळी करून आलेली, तो दोन रात्री पॉलिशच्या चाकावर बसलेला. लेक चार वर्षांची, शेजारी ठेवलेली. दुपारची वेळ, सरळ रस्ता, दोन्हीकडे वाळकं गवत. मग त्याला आठवतं ते गवत तोंडाजवळ आलेलं. त्याचा कोरडा, गोडसर वास. आणि लांबवर कुठेतरी गाडीचं चाक फिरत असल्याचा टकटक आवाज. मधलं काही आठवत नाही. कारण मधल्या वेळात तो झोपला होता.

इस्पितळात एका तरुण डॉक्टरनं विचारलं, कसं झालं. बायको आत होती, शुद्धीवर नव्हती. ‘मला झोप लागली’ हे तीन शब्द त्याच्या जिभेवर आले, आणि त्याच क्षणी ती जिवंत राहिली नाही तर हेच तीन शब्द आपल्याला तिच्या आईला, बहिणीला, मोठी झाल्यावर लेकीला सांगावे लागतील, हे त्याला दिसलं. तो म्हणाला, कुत्रं आडवं आलं. दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली, खांद्यापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. तोच तरुण डॉक्टर फाइल उघडून तिला म्हणाला, कुत्रं आलं म्हणे आडवं? तो भिंतीला पाठ लावून उभा होता, आता फुटणार म्हणून. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग छताकडे पाहिलं, आणि म्हणाली, “हो. काळं होतं.”

त्या ‘काळं’ या शब्दाखाली तो सव्वीस वर्षं राहिला. मागे बसलेल्या बाईनं रिकामा रस्ता पाहिला असणार, पुढचं हेल्मेट खाली कललेलं पाहिलं असणार, हाकाही मारल्या असतील. आणि तरी शुद्धीवर येताच तिनं नवऱ्याच्या थापेला रंग दिला. असं कुणी आपल्याला कधी सांभाळून घेतलं नव्हतं. त्याबद्दल बोलणं म्हणजे ते ओझं तिच्या हातात परत देणं, म्हणून तो बोलला नाही. ती बोलली नाही. बोललं ते कुत्रं. ते वाढत गेलं. तिसऱ्या वर्षी त्याच्या गोष्टीत कुत्र्याला डोळ्यावर पांढरा ठिपका आला. तिनं एकदा पाहुण्यांसमोर सांगितलं की ते जरा लंगडत होतं. पुढे त्यानं सांगितलं की पडल्यावरही त्यानं वळून आपल्याकडे पाहिलं. तिनं सांगितलं की पिल्लं असावीत त्याला, पोटाकडून कळत होतं. लेकीनं विचारलं, मग कुत्र्याला लागलं नाही ना? नाही, आई म्हणाली, ते त्याच्या घरी गेलं. लेकीनं त्याचं चित्र काढलं, ते तीन वर्षं फ्रिजवर होतं. मग ती बालपणापासून ते कुत्रं शोधतच राहिली म्हणायची, कारण पुढे ती जनावरांची डॉक्टर झाली, आणि प्रवेशाच्या मुलाखतीत हा पेशा का निवडला विचारलं तेव्हा तिनं डोळ्यांत पाणी आणून त्या काळ्या कुत्रीची हकीकत सांगितली. निवड झाली. नसलेल्या जनावरानं एवढं केलं. बायकोचा डावा हात मात्र खांद्याच्या वर कधी गेला नाही. घरातले डबे हळूहळू वरच्या फळीवरून खाली आले, आरसा खाली आला, कपड्यांची दांडी खाली आली. सगळं घर एक फळी खाली उतरलं, आणि वरच्या फळ्या तशाच रिकाम्या राहिल्या. वेणी तिला स्वतःची घालता येईना. तेव्हापासून रोज सकाळी ती तो घालतो. मेणात दात बसवणारी बोटं. केस कधी ओढले जात नाहीत.

गाडी तळघरात आणून लावली त्या संध्याकाळी ती बघायला खाली आली. त्यानं तयारी ठेवली होती: डॉक्टरनं गळ्यात मारली, नुसती ठेवायची आहे, वगैरे. तिनं विचारलं नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या सीटवर अंगठा दाबून पाहिला, ती किती मऊ आहे ते. मग म्हणाली, “बरी आहे. रविवारी मला न्या.” आणि जिना चढून गेली. तो तिथेच उभा राहिला. तो मंगळवार होता.

आता शुक्रवार झाला होता, आणि सिग्नलवर गाडी पडली होती, आणि कुत्रं उठलं होतं. टेबलाशी बसून त्यानं मेणाचा दिवा लावला आणि एक जबडा समोर घेतला, पण बोटांत अजून गाडीचं वजन होतं. चिमट्यात धरलेला दात त्यानं परत खाली ठेवला. तिला न्यायचं म्हणजे काय, हे त्याला आता नीट कळत होतं. सव्वीस वर्षं तिनं पाठीमागून गप्प राहून त्याला माफ केलेलं, आणि आता त्याच पाठीमागे ती पुन्हा बसायला निघालेली, विश्वास टाकून. आणि हा माणूस, जो दुपारी अडीच वाजता पॉलिशच्या चाकासमोर बसल्या बसल्या डुलकतो, ज्याची हनुवटी छातीवर पडते आणि चाकाच्या घरघरीनं पुन्हा उठते, तो तिला तीनशे किलोंवर बसवून रस्त्यावर नेणार. न सांगता नेली तर ती दुसरी फसवणूक. सांगितलं तर ती काय म्हणेल? मला माहीत होतं, एवढंच म्हणेल. आणि मग ते जे एवढी वर्षं दोघांमध्ये न बोलता उभं होतं, ज्याच्या मोठेपणावर त्याचं सगळं घर उभं होतं, ते बोलल्यामुळे साध्या तक्रारीएवढं होईल. तिसरा मार्ग होता. गाडीत काहीतरी बिघाड आहे म्हणायचं. ते त्याला अगदी सोपं गेलं असतं, कुठला भाग बिघडला तेही तयार होतं, आणि त्यातला एक तिरका दातही: ‘म्हणजे बिघडलाय असं नाही, पण आवाज येतोय.’ शनिवारी संध्याकाळी तो तळघरात गेला आणि गाडीवर नुसता बसून राहिला, किल्ली न लावता. एवढी मोठी गाडी, पण तिच्यावर बसल्यावर तो थकला होता एवढंच त्याला जाणवलं. पाय पुढे, पाठ मागे. आराम करायची जागा करून ठेवलेली, आणि आराम नाही. तरुणपणी थकवा अंगावर येई आणि उतरून जाई, कोट काढावा तसा. आता तो आत शिवलेला होता, अस्तरासारखा. त्याच्या लक्षात आलं, आपण पडण्याला घाबरत नाही आहोत. मागे ती बसेल, बोलायला लागेल, आणि तिच्या आवाजाच्या आधारानं आपल्याला पुन्हा झोप येईल, याला घाबरतो आहोत. तो आवाज त्याला जागं ठेवण्यासाठी होता, पण खरं सांगायचं तर त्या आवाजात त्याला जितकी सुखाची झोप आली असती तितकी दुसऱ्या कशातच नाही.

रविवारी सकाळी ती खुर्चीवर बसली, तो मागे उभा राहिला, कंगवा फिरवला. केस आता पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे राहिले होते. तिनं पायात कापडी बूट आधीच घातले होते. आरशात ती दिसली असती, पण आरसा खाली असल्यानं त्याला तिथे फक्त तिची हनुवटी आणि स्वतःचं पोट दिसत होतं. केसांचे तीन पेड करून तो म्हणाला, “शुक्रवारी गाडी पाडली मी.”

“अगंबाई. कुठे?”

“सिग्नलला. उभ्या उभ्या.”

“का हो? कुत्रं आडवं आलं?”

ती हसत म्हणाली. पण त्याला ते हसणं मागाहून ऐकू आलं, आधी ऐकू आला तो शब्द. हात थांबले. इतक्या वर्षांनी तिनं शेवटी काढलंच, असं त्याला वाटलं, आणि एखादा जड पेटारा दुसऱ्या टोकाला धरणाऱ्यानं न सांगता सोडावा तसं त्याच्या हातातलंही सुटलं.

“नव्हतं कुत्रं,” तो म्हणाला. “तेव्हाही नव्हतं.”

तिनं मागे वळायचा प्रयत्न केला, पण केस त्याच्या मुठीत होते. “तेव्हा म्हणजे?”

“तेव्हाच. मला झोप लागली होती. जाग आली ती गवतात.” आणि मग, सगळं एकदाच बोलून टाकावं म्हणून, “तुला माहीतच आहे. तू पाहिलंस. तरी काळं म्हणालीस. त्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही, पण—”

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, अगदी हळू, फोनवर पलीकडचं माणूस ओळखू येत नसताना म्हणायची तशा आवाजात, “नव्हतं?”

“म्हणजे?”

“मला वाटायचं, होतं. तुम्ही म्हणालात म्हणजे असणार.”

“अगं पण तू रंग सांगितलास.”

“मग काय सांगणार? तो विचारतोय, कुत्रं होतं म्हणे. नाही पाहिलं म्हटलं असतं तर तुम्ही तिथे उभे होतात, तुम्ही विचारलं असतं, पाहिलं नाहीस मग करत काय होतीस मागे? बोलायचं होतं ना मी.” ती थांबली. “एकोणतीस सक्क्यापर्यंत आठवतंय मला. मग तुमच्या पाठीला डोकं टेकवलं. म्हटलं एक मिनिट. मी झोपले होते हो. मी जागी असते तर ओरडले असते, कुत्रं आलं म्हणून. इतकी वर्षं मी हेच धरून बसले, की मी ओरडले असते तर तुम्ही वाचवली असती गाडी. आणि तुम्हाला ठाऊक होतं मी गप्प झाले, तुम्हाला ऐकू आलं असणार गप्प झालेलं, तरी तुम्ही एका शब्दानं कधी...” तिनं उजव्या हातानं डावा खांदा धरला. “ही वेणी घालता रोज. मला वाटायचं, केवढं मन या माणसाचं.”

त्याच्या हातात तीन पेड होते आणि त्यांचं काय करायचं हे त्याला आठवेना. केवढं मन. त्याच्याकडे तसलं काही नव्हतं. तिच्याकडेही नव्हतं. दोघांनी एकमेकांना दिलेली माफी, जिच्यावर एवढं सगळं उभं राहिलं, ती कुणी कुणाला दिलेलीच नव्हती. दोन माणसं सव्वीस वर्षं एकमेकांचे उपकार मानत एका घरात हळू आवाजात वावरली, आणि उपकार कुणीच केले नव्हते.

“म्हणजे तुम्ही मला माफ केलंच नव्हतं,” ती म्हणाली.

“करायला आधी ठाऊक पाहिजे ना काहीतरी. तू तरी कुठे केलं होतंस?”

“नाहीच की.” तिनं खांदा सोडला. मग म्हणाली, “मग गाडी कोण चालवत होतं हो?”

या प्रश्नावर त्याला खरं तर हसू यायला हवं होतं. पाव मैल असेल, अर्धा असेल. सरळ रस्ता, वाळकं गवत, पुढचा झोपलेला, मागची झोपलेली, आणि दोघांना पाठीवर घेऊन एकटी चाललेली एक मोटरसायकल, बिचारी, ना कुणी बोलणारं ना कुणी वळवणारं. जन्मभर मारलेल्या थापांत इतकी चांगली एकही नव्हती, आणि ही खरी होती, आणि ती तो कुणालाही सांगू शकत नव्हता. पण हसू आलं नाही. दिसलं ते त्या दोघांचं वय. तो बत्तीस, ती एकोणतीस. किती दमली असतील ती दोन पोरं, असं त्याला वाटलं, जणू ती कुणा शेजाऱ्यांची होती. कुणीतरी त्यांना घरी थांबवायला हवं होतं. कुणीतरी म्हणायला हवं होतं, बहीण कुठे जात नाही, आज झोपा.

“लेकीला सांगायचं नाही,” ती म्हणाली.

“का?”

“तिचं अख्खं शिक्षण त्या कुत्रीवर झालंय.” तिनं मान पुन्हा सरळ केली. “वेणी पुरी करा. ऊन वाढेल.”

“येणार तू?”

“अर्ध्या वेणीनं दुसरीकडे कुठे जाऊ?” आणि थोड्या वेळानं, तो शेवटची गाठ मारत असताना, “आता तुमचं काय ते कळलं. माझंही तुम्हाला कळलं. आधी कोण ठाऊक कुणाच्या मागे बसत होते मी.”

गाडीवर चढायला तिला तीन खेपा लागल्या. डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवता येईना, म्हणून तिनं उजव्या हातानं त्याचा पट्टा धरला आणि डावा आपल्या मांडीवर ठेवला. तिचं वजन मागे आलं तेव्हा गाडी जराशी खाली बसली आणि पायांखाली जास्त भक्कम वाटली. त्याला वाटलं होतं त्याच्या उलट. तळघराचा चढ चढताना त्याचे दंड भरून आले. बाहेर रविवारचा रिकामा रस्ता, बंद दुकानं, आणि इंजिनाचे ते दोन ठोके, एक पडला, आता दुसरा पडतो की नाही, पडला. सायकलवाले त्यांच्या पुढे गेले. एक आजोबा चालत होते, ते काही अंतर बरोबरीनं आले आणि वळणावर सुटले. मागून आवाज यायला लागला: चष्म्याचं दुकान, कुलपांचं दुकान, इथे पूर्वी छापखाना होता नाही का, केस कापणारा, पुन्हा केस कापणारा, एवढे केस कुणाकडे आहेत. ती फोन नंबरही वाचत होती. मग दोन चौकांनंतर आवाज थांबला. त्यानं मान न वळवता विचारलं, झोपलीस? नाही, ती म्हणाली, बघतेय. जरा गप्प बसून बघतेय. तुम्हाला चालेल ना? चालेल, तो म्हणाला. आणि पुढचा सगळा रस्ता मागे कुणी बोललं नाही, आणि तो जागा राहिला. डोळे चुरचुरत होते, मान आखडली होती, मनगटांत कळ होती. पण प्रत्येक खड्डा त्याला आधी दिसत होता, प्रत्येक झाकण, प्रत्येक पान.

बागेशी तिनं पट्टा ओढला. कंबर भरून आली, म्हणाली. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं झाली असतील. फाटकाच्या आत, झाडाखाली, त्यानं गाडी स्टँडवर कलती ठेवली, ती नीट ठेवली गेलीय याची तीनदा खात्री केली, आणि दोघं बाकावर बसली. इंजिन निवताना आतून बारीक आवाज करत होतं. तिनं उजवा खांदा त्याच्या अंगाला टेकवला, मग डोकं, आणि तिचा श्वास बदललेला त्याला ऐकू आला. आपण जागं राहू, असं त्यानं ठरवलं. ऊन पायांवर होतं, मग गुडघ्यांवर आलं. कुणाला कुठे जायचं नव्हतं. हनुवटी छातीकडे निघाली आणि या खेपेला त्यानं ती अडवली नाही.

पाण्याच्या आवाजानं तो जागा झाला. समोर बागेचा माळी उभा होता, हातात रबरी नळी, वयानं त्याच्याच आसपासचा. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्यानं गाडीकडे पाहिलं, तिच्या रुंदीकडे, मग बाकावरच्या दोघांकडे, बायकोच्या उघड्या तोंडाकडे, तिच्या मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे. आवाज खाली आणून त्यानं विचारलं, “लांबून आलात?”

कवळीवाल्याच्या तोंडात आयुष्यभराची सवय होती. गावं तयार होती, घाट तयार होते, तीन दिवस तीन रात्री तयार होत्या, आणि ‘म्हणजे तीन नाहीत, अडीच’ हेही. समोर मान डोलवायला तयार असलेला माणूस होता. तो म्हणाला, “नाही हो. ती मागची गल्ली आहे ना, कुलपांच्या दुकानाच्या पलीकडे. तिथून.”

“नाही, आज तिथून. निघालात कुठून?”

“तिथूनच.”

माळ्यानं पुन्हा दोघांचे चेहरे निरखले. एवढी दमलेली माणसं मागच्या गल्लीतून आली असं मानायला तो काही दुधखुळा नव्हता. “सांगायचं नसेल तर नका सांगू,” तो म्हणाला, “पण झोपा निवांत.” आणि तिच्या अंगावर तुषार येऊ नयेत म्हणून त्यानं नळी दुसऱ्या वाफ्याकडे वळवली.